विहिरीत सोडलेल्या चार बाटल्या

फ्रान्सची वाइन थंड ठेवायला आर्णीच्या आसपास आमच्या शेतातल्या विहिरीइतकी चांगली जागा नाही, असं मी ठामपणे सांगितलं होतं. मी ठामपणे सांगतो तेव्हा घरातली माणसं हळूच चपला शोधायला लागतात. पण त्या दिवशी घरातलं कोणी जवळ नव्हतं, नुसते मित्र होते.

झालं होतं असं की आमचे जावई नोकरीनिमित्त फ्रान्सात असतात. त्यांनी इकडं येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती चार बाटल्या पाठवल्या. चारही एकाच मळ्यातल्या, एकाच घडणीच्या, काळपट हिरव्या काचेच्या; लेबलावरचं साल तेवढं वेगळं. फोनवर म्हणाले, "मामाजी, तीन तुमच्या. ज्या बाटलीवर माझ्या जन्माचं साल आहे, ती आमच्या बाबांची. तुमच्याच हातानं द्या." आणि जाता जाता म्हणाले की ह्या बाटल्या फ्रीजमध्ये कोंबायच्या नसतात, तिकडं त्या तळघरात ठेवतात.

'तुमच्याच हातानं' यात सगळं आलं. लग्नात आमच्या व्याह्यांच्या पंगतीला मठ्ठा संपला होता. पहिल्या पंगतीला भरपूर, दुसरीला बेताचा, आणि तिसरीत मुलाचे वडील बसले तेव्हा नुसता टोप वाजला. तेव्हापासून हा गृहस्थ आमच्याकडं आला की दोन घास खातो, ताटाला नमस्कार करतो आणि उठतो. बोलणं गोड, पोट कडू. आमच्या हिनं पुरणपोळीपासून पाटवडीच्या रश्श्यापर्यंत सगळं करून पाहिलं. दोन घास म्हणजे दोन घास. मुलीला तिकडं त्याचं वाईट वाटे आणि हिला इथं झोप लागत नसे.

म्हणून मी शेतात पानग्यांचा बेत ठरवला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर पळसाच्या पानांत भाजलेले पानगे, वांग्याची झणझणीत भाजी आणि वरून फ्रान्स. व्याही वणीहून संध्याकाळी येणार, हिला घेऊन त्यांच्याच गाडीनं शेतात पोचणार. मदतीला दोन मित्र: कृषी केंद्र चालवणारा बंडू आणि जिनिंगवर कापसाची प्रत ठरवणारा प्रल्हाद. (प्रल्हाद चिमटीत कापूस धरून धाग्याची लांबी सांगतो. त्याच चिमटीनं तो भाजीतलं मीठ, सोयरीक आणि पाऊसही सांगतो. निम्मं खरं निघतं.)

आमच्याकडं तळघर नाही. मग जमिनीखालची गार जागा कोणती? उन्हाळ्यात आम्ही टरबुजं जिथं सोडतो तीच. चारही बाटल्या पोत्यात घातल्या, दोर बांधला आणि सकाळी विहिरीत सोडल्या. दिवसभर मी अधूनमधून वाकून पाहत होतो. कडेला बसून मला फार शहाणं वाटत होतं.

उन्हं उतरल्यावर पोतं वर काढलं. बाटल्या छान गार होत्या. आणि गुळगुळीत होत्या. लेबलं सुटून पोत्याच्या तळाशी लगदा झाली होती. जुनी बाटली निदान धुळीवरून ओळखू आली असती, तर ती धूळही विहिरीनं घासूनपुसून नेली होती.

बंडूनं चारही बाटल्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, मांडल्या आणि बराच वेळ पाहिलं. "विनूभाऊ," तो शांतपणे म्हणाला, "याच्यातली तुह्या व्याह्याची कोनची?"

मी म्हणालो की तेच तर.

प्रल्हाद मात्र खुलला. त्याचं म्हणणं, यात घाबरायचं काही नाही. माल जुना असला की चांगला असतो हे सगळं जग मानतं. चारही चाखायच्या, सगळ्यात चांगली लागेल ती व्याह्यांची. बंडूला शंका आली की मग त्यांना फोडलेली बाटली द्यावी लागेल. त्यावर प्रल्हादनं त्याच्याकडं दयेनं पाहिलं. "आमी पाव्हण्यासाठी मानानं खोलून ठेवली म्हनू ना. बंद बाटली कायले द्यायची, तो काय दुकान टाकून राह्यला?"

खरं सांगायचं तर मलाही चव पाहायची घाई झाली होती. आयुष्यभर शेती केली. परदेशातल्या शेतकऱ्याचं पीक तोंडात कसं लागतं हे कोणाला बघावंसं वाटणार नाही? बूच काढायचं हत्यार आमच्याकडं नव्हतं. बंडूनं भाजी ढवळायच्या लाकडी चाटूचा दांडा लावला आणि चारही बुचं आत ढकलली. ती बुडाली नाहीत, आतच तरंगत राहिली. आम्ही त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही.

स्टीलच्या पेल्यांत घोट घोट ओतलं. पहिली कच्च्या करवंदासारखी, दात आंबवणारी. दुसरीला मोहाच्या फुलांचा बारीक वास. बंडूनं डोळे मिटून घेतले आणि उघडेनाच. तिसरी ओतली तर रंग विटकरी, तळाशी गाळ. प्रल्हादनं पेला नाकाशी नेला आणि कापूस नाकारताना करतो तसं तोंड केलं.

"पावसात भिजलेल्या पऱ्हाटीचा वास येऊन राह्यला," तो म्हणाला. "बंद गोदामाचाबी. हे बसली रे. खराब माल."

मी चाखलं. ओली माती, वाळका पाला, आणि मग बऱ्याच वेळानं, कुठून तरी लांबून, काहीतरी गोडसर. मी क्षणभर थबकलो. पण प्रत ठरवणारा मी नव्हतो. चौथी जांभळासारखी काळीभोर, घशाला चटका देणारी. तिघांचंही एकमत झालं: जोर हिच्यात आहे, म्हणजे हीच जुनी, हीच व्याह्यांची. चौथीच्या तोंडावर स्वच्छ रुमाल बांधून ती बाजूला ठेवली.

तेवढ्यात मला आठवलं की हिनं बांधून दिलेली चिंच मी घरीच विसरलो होतो. चुलीवर भाजी रटरटत होती आणि आंबट म्हणून शेतात काही नव्हतं. खराब झालेला माल आंबलेला असणारच, असं म्हणत बंडूनं तिसऱ्या बाटलीकडं हनुवटी केली. मीही मागंपुढं पाहिलं नाही. गाळासकट अख्खी बाटली वांग्यांत रिकामी केली.

गाडी आली. हिनं उतरताना मठ्ठ्याचा डबा खाली ठेवला. डबा कसला, बादलीच होती. व्याह्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि नजर आकाशात नेली. मी दोन्ही हातांनी चौथी बाटली पुढं केली, रुमाल सोडला आणि म्हणालो की ही तुमच्या चिरंजीवांच्या जन्मसालाची. त्यांनी एक घोट घेतला, गिळला आणि म्हणाले, "बरी आहे." पेला खाली गेला तो पुन्हा वर आला नाही. ही माझ्याकडं पाहत होती. मी निखाऱ्यांकडं पाहत होतो.

पानं वाढली. व्याह्यांनी पानगा मोडला, भाजीला लावला, एक घास घेतला. दुसरा घेतला. आम्ही त्यांच्या हाताकडं पाहिलं. आता नमस्कार. पण हात ताटाकडं गेला तो तिसऱ्या घासाला.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "वांगे कोन्या गावचे आहेत हे?"

त्यांनी तीनदा भाजी मागून घेतली. शेवटी ताट निपटलं, बोटं चाटली आणि स्वतः उठून मठ्ठा ओतून घेतला. हिनं पदर डोळ्यांना लावला. धूर झाला होता म्हणाली. धूर वाऱ्यानं दुसऱ्या बाजूला जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या धुवायला उलट्या केल्या तेव्हा बुचं मानेशी येऊन अडकली. प्रत्येक बुचावर साल छापलेलं होतं. चुलीपाशी पडलेल्या, काजळी लागलेल्या बाटलीच्या बुचावर आमच्या जावयाच्या जन्माचं साल होतं. मी ते हिला दाखवलं. तिनं बाटली उजेडाला धरून साल वाचलं. मग म्हणाली, "गेली तं त्यायच्याच पोटात ना."

संध्याकाळी जावयांचा फोन आला. बाबांना कशी लागली? मी एक अक्षरही खोटं न बोलता सांगितलं की तीनदा मागून घेतली. तिकडं जावयांनी लगेच आमच्या मुलीला हाक मारून ते सांगितलं.

गोष्ट तिथंच संपायला हवी होती. पण पुढच्याच आठवड्यात विहीणबाई मुद्दाम ती भाजी शिकायला आल्या. हिनं दोनदा करून दाखवली, दोन्हीदा त्यांनी नकारार्थी मान हलवली. यांनी सांगितली ती चव ही नव्हे. काय वेगळं घातलं होतं, खरं सांगा. आता मी तोंड बंद ठेवायचं की नाही? पण मी ठामपणे सांगितलं, "चिंच जुनी होती." किती जुनी? माझ्या तोंडून निघून गेलं, "जावईबापूंच्या वयाची."

विहीणबाईंनी ते मनावर घेतलं. वणीला जाऊन त्यांनी चिंचेची मोठी बरणी भरली, तोंड कापडानं बांधलं आणि माळ्यावर ठेवून दिली. मी खोटं बोललो हे उघडकीला यायला अजून तीस-पस्तीस वर्षं आहेत. तोवर मी सुरक्षित आहे. माझं वय पाहता, बहुतेक त्यानंतरही.