प्यायचं पाणी आगीवर ओतलं

मित्रांनो, आज दुपारी आमच्या निलंग्याजवळच्या गावात एका शेजाऱ्यानं बांधावरचं वाळलेलं गवत पेटवलं. वारं सुटलं आणि आग थेट आमच्या गोठ्याकडं आली.

अग्निशमन दलाची गाडी यायला तास लागला. तोवर माझ्या आईनं आणि शेजारच्या काकूंनी टँकरचं भरून ठेवलेलं प्यायचं पाणी घागरीनं आगीवर ओतलं. जनावरं वाचली, कडबा जळाला.

पेटवणारा म्हणतो, "दरसाल जाळतो की! आत्ताच काय झालं?"

आई ओरडली, "औंदा इहिरीत थेंब न्हाई, दिसत न्हाई का तुला?"

टँकर आता चार दिवसांनी येणार. आमच्या आणि काकूंच्या घरातले रांजण कोरडे आहेत. लई राग यायलाय.

तुमच्या गावात कुणी बांध पेटवत असेल, तर आजच त्याचा हात धराल का?