दोन उन्हाळे

ब्रश उचलण्याआधी तो अंगठा ओला करून पत्र्यावर घासायचा, अंगठ्याकडे निरखून बघायचा आणि म्हणायचा, "आधी अस्तर, मग अक्षर." असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. अहमदपूरच्या आमच्या शाळेच्या सभागृहात एक निळा सन्मानफलक आहे. त्यावर दरवर्षी बारावीच्या आदर्श विद्यार्थ्याचं नाव हा पेंटर लिहायचा. फ्लेक्स आले, त्याची गावातली बाकीची कामं बुडाली, पण फलक त्याच्याकडेच राहिला.

एकदा शिपायानं फलकाचा खरचटलेला कोपरा भिंतीच्या उरलेल्या डिस्टेंपरनं रंगवला. पेंटर असा भडकला, जणू कुणी त्याच्या ताटात हात घातला. "तेलाच्या रंगावर पाण्याचा रंग धरतो व्हय? दोन उन्हाळे. तिसऱ्याला गळून पडतंय बघ." झालंही तसंच.

त्याची मुलगी अर्चना आमच्याच शाळेत होती. अभ्यासात पहिली, वक्तृत्वातही पहिली. पुण्याच्या एका खाजगी विद्यापीठानं अर्जासोबत शाळेच्या सन्मानाचं प्रमाणपत्र मागितलं होतं. ते मिळालं तर तिची सगळी फी माफ होणार होती. यंदा फलकावर तिचंच नाव लागणार, हे शाळेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

यादी आली आणि तिच्यात संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याचं नाव निघालं. 'सहशालेय उपक्रम' या रकान्यात त्याचे गुण ऐनवेळी वाढले होते. निवड समितीत आम्ही तिघं शिक्षक होतो. मी मुकाट्यानं सही केली. नोकरीची भीती होती, दुसरं काही नाही.

लिहायचं नाव पेंटरला मीच नेऊन दिलं. त्यानं यादी दोनदा वाचली.

"सर, ही सही तुमचीच हाय ना?"

"हो."

"मंग लिव्हतो की."

सुट्टीचे तीन दिवस तो सभागृहाचं दार लावून बसला होता. एका नावाला तीन दिवस कशाला, हे विचारायला मला तोंड नव्हतं. पुतण्याचं नाव मात्र इतकं देखणं उतरलं, की खुद्द अध्यक्ष त्याच्या पाठीवर थाप मारून गेले.

अर्चना नांदेडला बी.एस्सी.ला गेली. पेंटर बाजारात भेटला की लोकांदेखत वाकून नमस्कार घालायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "सर, सही तुमचीच ना?" तेवढंच. मी भाजीला दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागलो.

पुढच्या वर्षांची नावं लिहून झाली तरी तो फलकासमोरच्या बाकावरून उठायचा नाही.

"काय करताय?" मी एकदा धीर करून विचारलं.

"वाट बघायलोय."

"कशाची?"

"उन्हाळ्याची," म्हणाला आणि गालात हसला. त्या हसण्याची मला भीती वाटली.

दोन उन्हाळे गेले. तिसरा लागायच्या आत त्याला कावीळ झाली आणि आठवड्यात तो गेला.

जूनमध्ये गुणगौरव सोहळा होता. परदेशात शिकणारा पुतण्या सुट्टीवर आला होता, तोच प्रमुख पाहुणा. सोहळ्याच्या सकाळी शिपाई धावत आला. "सर, फलक बघा आधी!"

पुतण्याच्या नावाचे पोपडे खाली पडले होते. त्याखालून तेलाच्या रंगातली पिवळीधमक अक्षरं वर आली होती, अस्तर देऊन, अगदी सावकाश लिहिलेली: कु. अर्चना. त्यानं आधी तिचं नाव लिहिलं होतं, ते वाळू दिलं होतं, मग डिस्टेंपरचा निळा पट्टा मारून वर पुतण्याला बसवलं होतं.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? अध्यक्षांवर तर सूड उगवलाच होता, पण माझ्या सहीवरही उगवला होता. तरी आनंद झाला.

अध्यक्षांचा फोन आला, "त्यावर फ्लेक्स लावून टाका." शिपाई शिडी घेऊन आला. "लावू का, सर?"

"थांब जरा," म्हणून मीच शिडीवर चढलो. अर्चनाच्या पुढचं बापाचं नाव अजून निळ्याखाली अडकलं होतं. मी नखानं खरवडायला लागलो. बाहेर गाडीचं दार वाजलं, तेव्हा दोनच अक्षरं उरली होती.