ऑल्टर केलेली सायकल

टेलरबाईंचा हातखंडा नवे कपडे शिवण्यात नव्हता, दुसऱ्यांनी बिघडवलेले नीट करण्यात होता. एका खांद्यावर रुसलेला कोट आला की बाई खुशीत शीळ घालायच्या. बावन्नाव्या वर्षी त्यांनी हाच प्रयोग सायकलीवर केला. सांगाडा भावाचा, गिअरचा लिव्हर भाचीच्या रेसिंग सायकलीचा, आणि पुढचा डिरेलर, म्हणजे चेन ढकलून एका दातेरी चकतीवरून दुसरीवर नेणारा पिंजरा, शेजाऱ्याच्या डोंगरी सायकलीचा.

चकत्या तीन. लहानीवरून मधलीवर चेन शहाण्यासारखी जायची. मोठीवर मात्र चढेना, नुसती खरखरायची. केबल ताणली की मोठी मिळायची, पण मग लहानी हातची जायची. पंधरा दिवस बाई पिंजऱ्याच्या स्क्रूंच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या आणि सायकल व्हरांड्यात आडवी.

थोरल्या बहिणीच्या नडगीला तिसऱ्यांदा पेडल लागलं, तेव्हा निकालच लागला. "रविवारी नऊला भंगारवाला येतोय. तोवर तिन्ही गिअर पडले तर ठीक, नाहीतर ही गेली!"

"ताई, दोन पडतात की!"

"एका बाहीचा कोट देतेस का गिऱ्हाइकाला?"

बाईंनी पुन्हा पाना उचलला.

रविवारी आठला त्यांनी पाना खाली ठेवला आणि गळ्यातली टेप काढली. केबलला लाल दोरा बांधला, लिव्हर दाबला, दोरा किती सरकला ते मोजलं. मग केबल हाताने ओढून पिंजरा पार मोठ्या चकतीवर नेला आणि पुन्हा मोजलं.

"अगं ताई, चार मिलिमीटर कमी! कापडच पुरत नाहीये!"

"मग जोड लाव," ताई आतून म्हणाली.

जोड कुठून लावणार? लिव्हर ओढतो तेवढीच केबल ओढणार. बाईंनी वैतागून दार ढकललं, तो हात नेमका बिजागरीजवळ पडला. हात दोन बोटं हलला, दाराची कड हातभर फिरली. बाई थबकल्या. दार पुढे, मागे. पुढे, मागे.

"त्या दाराने काय घोडं मारलंय तुझं?"

"ताई, कापड तेवढंच! बेत बदलायचा!"

केबल पिंजऱ्याच्या दांडीवर, बोल्टच्या बाहेरच्या अंगाने आवळलेली होती. ती सोडवून बाईंनी आतल्या अंगाने, पिंजऱ्याच्या बिजागरीजवळून आवळली. आता तेवढ्याच ओढीत पिंजरा लांब जाणार! दोन स्क्रू किंचित पिळले, पेडल हाताने फिरवलं. लहान. मधली. खट्... मोठी! आणि परत खाली, कुरकुर न करता.

तेवढ्यात भंगारवाल्याची ढकलगाडी दारात. बाई त्याच्या नाकासमोरून सायकल काढून सुसाट सुटल्या. चौकाच्या वळणावरून आरोळी आली, "तिसरा पडला! ताई, तिसरा पडला!"

"मग मी काय नेऊ?" भंगारवाल्याने विचारलं.

ताई पोट धरून हसत पायरीवर चढली. "आधी तुमची गाडी बाजूला घ्या, दादा! ती परत येतेय, आणि ब्रेक कुठल्या सायकलीचे लावलेत देव जाणे!"