भिंगरी पालथा पडला ते सात दिवस

माझ्या मेहुण्याला घरात सगळे भिंगरी म्हणतात. नाव त्याच्या आईनं ठेवलं, कारण पाळण्यातही तो एका जागी राहत नसे. पुढं चाळीस वर्षं त्यानं कारखान्यात ग्राइंडरवर लोखंड घासलं. चाक फिरायचं आणि हाही फिरायचा. जेवायचासुद्धा उभ्यानं. बसून जेवलं की अन्न गुडघ्यात उतरतं, असं त्याचं म्हणणं.

डावा डोळा त्यानं बावीस वर्षांपूर्वी गमावला, चाक फुटलं तेव्हा. उजव्यावर नोकरी पुरी केली. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्या उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला.

शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरबाईंनी मला आणि माझ्या बायकोला, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीला, बाजूला घेतलं.

"डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलाय. तो वर चढतो आणि पडदा दाबून धरतो. म्हणून तोंड जमिनीकडे. सात दिवस. जेवायला, बाथरूमला उठला तरी मान खालीच."

मी जोडारी होतो. आयुष्यभर पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणून यंत्रं बसवली. बुडबुडा कुठं पळतो ते मला समजावायला नको. "आणि मान वर केली तर?"

"बुडबुडा सरकेल. पडदा पुन्हा सुटला तर पुन्हा बसेलच असं मी सांगू शकत नाही."

बायको म्हणाली, "अहो, हा सात मिनिटं बसत नाही."

मी एका बाकाच्या फळीला चेहरा मावेल एवढं भोक पाडलं. कड कानशीनं घासली, वर फोम, फोमवर जुनी चादर. कपाळ आणि हनुवटी टेकावी, नाक मोकळं राहावं. दोनदा मोजलं, एकदा कापलं. फळीनं तिचं काम चोख केलं. माणसानं नाही.

रेडिओवर गाणं लावलं तर त्याचे पाय ताल धरत आणि सगळा बाक हले. बातम्या लावल्या तर "खोटं बोलतोय लेकाचा!" म्हणून मान चार बोटं वर. मग मी मासिकातली एक गोष्ट वाचायला घेतली. त्यात एक फोरमन कामगाराची माफी मागतो.

"असं कुठं असतं?" पुन्हा मान वर. "दाजी, तुम्ही सांगा, फोरमननं कधी माफी मागितलीय?"

बायकोनं त्याच्या मानेवर हात ठेवून डोकं खाली दाबलं.

"ताई, हात काढ. मी काय बैल आहे?"

"बैल ऐकतो."

तिचा हात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बधिर झाला. मला म्हणाली, "काहीतरी आणा. माझा हात अजून तासभर टिकेल. त्याच्या वर नाही."

गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे. तिथल्या बाईंना मी सांगितलं, "असं पुस्तक द्या, की ज्यावर 'असं कुठं असतं' म्हणता येणार नाही."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि मागचं कपाट दाखवलं. "अद्भुत कादंबऱ्या. सगळंच बनवलेलं. तिथं हा प्रश्नच लागू नाही."

"यातली चांगली कुठली?"

"मी नाही हो वाचत. माझं डोकं गरगरतं."

कपाटात साठेक पुस्तकं होती, एकेक विटेएवढं जाड. कव्हरवर अजगर, तलवारी, बुरूज, टोपीआड चेहरा लपवलेली माणसं. यातलं एकही मी कधी हातात धरलं नव्हतं. मागचा मजकूर वाचला. प्रत्येक पुस्तकात जगाचं भवितव्य टांगलेलं. त्यावरून निवड कशी करणार? रंग दिला की भंगारातलं यंत्रही नवंच दिसतं.

घड्याळात पंचवीस मिनिटं गेली होती. मग मी माझ्या पद्धतीनं गेलो. वापरलेला भाग खोटं बोलत नाही. बेअरिंग कुठं झिजलंय ते पाहिलं की यंत्र कसं चाललं ते कळतं. मी एकेक पुस्तक आडवं करून खिडकीच्या उजेडात पानांची कड पाहिली. तिथं वाचणाऱ्यांच्या अंगठ्यांचा मळ बसतो. बहुतेकांची कड पन्नासेक पानांपर्यंत राखाडी, पुढं पांढरी. म्हणजे माणसं तिथंच दमली. काही पूर्ण पांढरी. एकाची मात्र पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत सारखी राखाडी. कव्हरवर जळता पूल. पाठीवर वाचनालयाची क्रमांकाची चिकटपट्टी. तेच उचललं आणि अक्षरशः पळत घरी आलो. बायको डाव्या हातानं उजवा हात चोळत होती आणि भावाची मान तिनं कोपरानं दाबून धरली होती.

नावाची पानं न पाहता उलटून थेट वाचायला घेतलं. पहिलंच वाक्य होतं : "तिसऱ्यांदा पूल पेटला तेव्हा पूलकरणीनं डाव्या हातानं दोर सोडला."

"थांबा," खालून आवाज आला. "आधी दोनदा कधी पेटला?"

"सांगितलेलं नाही."

"आणि डाव्या हातानं का? उजवा कुठंय?"

"तेही नाही."

मी श्वास धरून मानेकडे पाहत राहिलो. मान हलली नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "हं. पुढं वाचा. काढू आपण."

पुस्तकातली सगळी माणसं एकमेकांना आधीपासून ओळखत होती. विहिरीपाशी काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त आम्हाला नाही. दगडांचा राजा पूल राखणाऱ्या पूलकरणीला घाबरत होता, का ते कुणी बोलत नव्हतं. मला वाटलं, या जातीच्या पुस्तकांची रीतच अशी असेल. भिंगरीलाही तसंच वाटलं. नकाशा नसलेलं यंत्र खोलावं तसा तो पालथा पडून एकेक भाग सुटा करत होता. "राजा पाण्याला भितो, म्हणजे विहिरीत त्याचंच कुणी बुडालंय. लिहून ठेवा." मी कागदावर लिहीत होतो. चौथ्या दिवसापर्यंत त्याचे नऊ अंदाज झाले. पायांचा ताल थांबला होता. बायको दुपारी तासभर झोपली.

त्याचा सगळ्यात लाडका अंदाज हाताचा होता. पूलकरणीचा उजवा हात राजानं तोडून नेला, आणि ती तो परत आणायला निघालीय.

पाचव्या दिवशी सकाळी मी वाचलं : "हात मी माझ्या कुऱ्हाडीनं तोडला, हे तुला माहीत आहे, राजा."

"असं कुठं असतं!"

तो ताडकन उठून बसला. मान सरळ, तोंड छताकडे. मी पुस्तक टाकलं आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून खाली आणलं. दोन श्वास, जास्त नाही. पण दोन पूर्ण श्वास.

मग फळीच्या भोकातून आवाज आला, त्याचा वाटत नव्हता इतका बारीक. "दाजी, गेला का हो डोळा?"

"मला कसं कळणार?"

"ताईला बोलवू नका."

ताई दारातच उभी होती. तिनं जमिनीवरचं पुस्तक उचललं. पडल्यामुळं पाठीवरची चिकटपट्टी एका टोकाला सुटली होती. ती नीट चिकटवायला गेली आणि थबकली. मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं आणि पट्टी उचलून दाखवली. खाली छापलेलं होतं : २.

"अहो, हा दुसरा भाग आहे," ती कुजबुजली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पहिला भाग ज्यांना झेपतो तेच दुसऱ्याला हात लावतात, आणि ते शेवटपर्यंत जाणारच. झीज मी बरोबर वाचली होती, भाग चुकीचा उचलला होता. एवढ्याच चुकीवरून कारखान्यात मी माणसं फाडून खाल्ली आहेत.

"आत्ता सांगाल तर तो थेट उभा राहील," ती म्हणाली. "परवापर्यंत तोंड बंद."

मी परत जाऊन बसलो. भिंगरी म्हणाला, "वाचा. थांबलात तर मी विचार करत बसेन, आणि विचार आला की मी उठतो." मी वाचलं. संध्याकाळी त्यानं विचारलं, "दाजी, सुरुवातीची काही पानं फाटलीत का?"

"नाही," मी म्हणालो. हे खरं होतं.

पुढचे दोन दिवस मी घसा बसेपर्यंत वाचलं. मान हलली नाही. त्याची पाठ इतकी ताठ होती की घामानं सदरा चिकटला होता. इतकी मेहनत करताना मी त्याला चाकावरही पाहिलं नाही.

आठव्या दिवशी डॉक्टरबाई यंत्रातून फार वेळ पाहत राहिल्या. बायकोनं माझं मनगट धरलं होतं.

"पडदा बसलाय," बाई म्हणाल्या. "एका कोपऱ्यात सुरकुती आहे. तिच्यावर लक्ष ठेवू."

सुरकुती त्या दोन श्वासांची की आधीची, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

बाहेरच्या बाकावर मी त्याला सगळं सांगितलं. त्याला आता मान वर करायची परवानगी होती, तरी ती खालीच होती.

"ताईला ठाऊक होतं?"

"पाचव्या दिवसापासून."

"वा. बहीण आणि दाजी, दोघं मिळून माझ्याशी आंधळी कोशिंबीर खेळलात." मग त्याच्या पायांनी पुन्हा ताल धरला. "म्हणजे हाताचं सगळं पहिल्यात लिहिलंय?"

"असणार."

"तो आणा. पण वाचून दाखवायचा नाही. मी बघून वाचणार."

बुडबुडा विरायला सहा आठवडे लागले. तोवर तो त्याला नजरेत डुलताना दिसायचा. "तुमची पाणसळ डोळ्यात घेऊन हिंडतोय," म्हणायचा. नंतर महिनाभर, रोज सकाळी, तो खिडकीपाशी वाचत बसला. बसून.

पहिला भाग परत करायला त्यानं माझ्याकडे दिला, सोबत माझा कागद. नऊ अंदाजांपैकी पाचांवर बरोबरची खूण होती. हाताच्या अंदाजावर फुली, आणि फुलीशेजारी लिहिलं होतं : तरी माझंच बरं होतं.

वाचनालयाच्या दारात मी पुस्तक आडवं करून कड पाहिली. पन्नासाव्या पानापर्यंत जुना दाट राखाडी मळ. त्यापुढं मोजक्याच वाचकांचा फिका मळ, आणि त्यावर आता एक काळसर पट्टा होता. चाळीस वर्षांचं लोखंड अंगठ्यातून निघत नाही. पट्टा शेवटच्या पानापर्यंत गेला होता.