पोथीत आहे, असं मी म्हणालो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ती शेवटच्या आजारात पडून होती, मी उशाशी बसून होतो, दोघांनाही माहीत होतं की आता बोलायचं ते बोलून घ्यावं — तेव्हासुद्धा नाही. देवापुढे तर रोज बसतो. पण देवाला काय सांगायचं? ते सगळं मी त्याच्याच नावावर तर खपवलंय.

सोलापुरात चाळीस वर्षं भिक्षुकी केली. लग्नं, मुंजी, वास्तुशांती, आणि सगळ्यात जास्त घरोघरची पूजा. चौरंग, केळीचे खांब, शिरा, आणि शेवटी कथा. तुम्हीही ऐकली असेल. तिच्यात एक मुलगी आहे. परदेशी गेलेला नवरा नावेनं परत आला हे कळताच ती प्रसाद न घेता काठाकडे धावते. देव कोपतो, आणि नवऱ्यासकट नाव पाण्यात जाते. तिथं मी आवाज चढवायचो. पोरं गप्प व्हायची, बायका पदर सावरून बसायच्या. मला ती शांतता आवडायची. खोटं कशाला बोलू — त्या शांततेत मला देवापेक्षा माझाच दरारा वाटायचा.

चूक बायकोची आणि बुडाला नवरा, हा कुठला न्याय — हे कुणी कधी विचारलं नाही. मलाही पडला नाही तो प्रश्न. कशाला पडेल?

संतोष मोहोळला ट्रॅक्टरच्या दुकानात मेकॅनिक होता. रोज मोटरसायकलनं जाऊन येऊन करायचा. त्यानं विजापूर रोडच्या अलीकडे दोन खोल्यांचं घर बांधलं आणि पूजेला मला बोलावलं. बायको सुरेखा, तिचं माहेर वळसंग. चार वर्षांची मुलगी, प्रणाली. घरात सासू आणि धाकटा दीर. चौदा वर्षं झाली याला.

पूजा दहाची ठरली होती. मी वेळेवर गेलो. संतोष नव्हता. सकाळीच कुणाचा तरी ट्रॅक्टर अडला म्हणून मालकानं त्याला बोलावून घेतलं होतं. साडेदहाला मी फोन केला. "निघतोच गुरुजी," म्हणाला. अकरा वाजून गेले. मला एक वाजता होटगी रोडला दुसरी पूजा होती. ती माणसं मोठी होती, तिथं उशीर चालणार नव्हता. — हे असं लिहिताना किती क्षुल्लक दिसतं! त्या दिवशी मात्र मला दुसरं काही दिसत नव्हतं.

मी अंगणात जाऊन पुन्हा फोन लावला. त्यानं उचलला. वाऱ्याचा आवाज येत होता.

"गाडीवर हाय गुरुजी. टोलनाका मागं पडला. आलोच."

"मुहूर्त टळतोय," मी म्हणालो. "मग मला बोल लावायचा नाही. दामट जरा."

मुहूर्तबिहूर्त काही नव्हता. या पूजेला कसला आलाय मुहूर्त! घाई माझी होती. आणि गाडीवर आहे म्हणाल्यावर मी फोन ठेवायला हवा होता की नाही? मी ठेवला नाही. ऐकवत राहिलो — तुम्हा लोकांना वेळेची किंमत नाही, देवाच्या कामाला तरी... तो "व्हय गुरुजी, व्हय गुरुजी" करत होता. मग जोराचा हॉर्न ऐकू आला. मग एक आवाज. मग काहीच नाही.

रेंज गेली असेल, असं मी मनाशी म्हणालो. खरंच तसं वाटलं होतं का? चौदा वर्षं मी हे स्वतःला विचारतोय. आवाज मी ऐकला होता. फोन पिशवीत टाकला, आत आलो आणि म्हणालो, "तो येईल मागनं. धाकट्याला बसवा पाटावर." आणि आचमनाला सुरुवात केली.

कथा झाली. आरती झाली. मी शिऱ्याचं पातेलं पुढे ओढलं, तेवढ्यात सुरेखाचा फोन वाजला. दवाखान्यातून होता. नवऱ्याला आणलंय, लागलंय, लगेच या. ती तशीच उठली. "अगं, परसाद तरी घे!" सासू ओरडली. ती चपला न घालताच धावत गेली, दीर तिच्यामागे. संतोष संध्याकाळी पाचच्या सुमारास गेला.

आता तुम्हीच बघा. फोन आला तो अपघात होऊन गेला म्हणून. ती उठली ती फोन आला म्हणून. आधी काय झालं, नंतर काय झालं, हे लहान पोरालाही कळेल. पण दुःखात कुणी असला हिशेब करत नाही.

तेराव्याला मी गेलो. घर माणसांनी भरलं होतं. दीर सांगत होता, टोलनाक्याजवळच्या चहावाल्यानं बघितलं, दादाच्या कानाला फोन होता म्हणे. फोन चाकाखाली जाऊन चुरा झालेला. "कुणासंगं बोलत हुता कुणास ठाऊक," तो म्हणाला. त्यानं माझ्याकडे बघितलंही नव्हतं. पण मी फोनची पिशवी जवळ ओढून घेतली. आता कुणाला तरी आठवेल — गुरुजी फोन घेऊन अंगणात गेले होते की!

तेवढ्यात सासू मध्येच म्हणाली, "फोनचं काय घिऊन बसलाय! गुरुजी, तुमीच सांगा. बाई परसाद टाकून पळाली अन नवरा बुडाला. पोथीत हाय का न्हाय?"

सगळे माझ्याकडे वळले. सुरेखा भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर मुलगी. तीही बघत होती. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हाच कळलं होतं. मी नाही म्हणावं, एवढंच.

"आहे," मी म्हणालो. "पोथीत आहे."

त्यानंतर फोनबद्दल कुणीही विचारलं नाही. आजतागायत नाही.

महिन्याभरात सासरच्यांनी तिला वळसंगला धाडलं. एक दिवस ती माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, "पोथीतल्या बाईनं माघारी जाऊन परसाद घेतला, तवा तिचा नवरा वर आला की. मीबी घेते. पुन्यांदा पूजा घाला." मग म्हणाली, "त्यो यायचा न्हाय, ठावं हाय मला. पर देवाचा राग तरी जाईल. माज्या पोरीवर नगं यायला."

मी वळसंगला जाऊन पूजा घातली. तोच अध्याय तिच्यापुढे वाचला. ती मान खाली घालून ऐकत होती. तिनं दोन्ही हातांनी प्रसाद घेतला, सांडलेला कण न् कण टिपून खाल्ला. मी बघत होतो. तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? तोंड उघडलंही होतं. निघाला तो आशीर्वाद.

गेल्या वर्षी प्रणाली घरी आली. सोलापुरात कॉलेजला आहे. बापासारखी उंच. नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "गुरुजी, चमचाभर शिऱ्यासाठी माणूस मारतो तो देव कसला?"

माझ्याकडे उत्तरं तयार होती, चाळीस वर्षांची. देव शिक्षा करत नाही, कर्म करतं. आई नाही का लेकराला चापट मारत, ते प्रेमच असतं. ती म्हणाली, "आई मारते ते लेकरू सुधारावं म्हणून. मेलेल्या माणसानं काय सुधारायचं? आणि चुकली आई तर मारलं बाबांना का?" मी म्हणालो, देवाचा न्याय माणसाला कळत नाही. मग तिनं सांगितलं की आईला दोनदा चांगली स्थळं आली होती. एक बिजवर शिक्षक तर मुलीसकट न्यायला तयार होता. आई नको म्हणाली. माझ्या पायगुणानं आणखी कुणाचा जीव कशाला घेऊ, म्हणाली.

पोथीतली शिक्षा न्याय्य आहे की नाही, ते मला आजही ठरवता येत नाही. ज्यांनी लिहिली त्यांनी भक्ती वाढावी म्हणून लिहिली असेल, भीती बसावी म्हणूनही लिहिली असेल. पण त्या घरात देवानं शिक्षा केलीच नव्हती. ती मी केली. मी सुनावली, एका शब्दात, आणि खाली सही देवाची घेतली. आणि सुरेखा ती चौदा वर्षं भोगतेय.

प्रणाली गेल्यावर चार दिवसांनी मी अक्कलकोटच्या बसनं वळसंगला उतरलो. सांगायचंच ठरवून. सुरेखा शेळ्यांना पाला टाकत होती. केस पांढरे झालेत तिचे. तिनं चहा केला. मी सुरुवात केली, "सुरेखा, त्या दिवशी संतोषला मी —"

"गुरुजी," ती म्हणाली, "त्या दिवशी तुमी येकटेच खरं बोललात. बाकी समदे नशीब म्हनून मोकळे झाले. नशीब म्हंजे काय वो? कायबी न्हाय. तुमी सांगितलं म्हनून मला कळलं, माजं काय चुकलं ते. न्हायतर येडी झाले असते मी."

मी चहा प्यालो. शेळ्या किती आहेत ते विचारलं. साडेतीनच्या बसनं परत आलो.

येताना बसमध्ये स्वतःला समजावलं की तिचा आधार काढून घ्यायचा मला काय अधिकार? मोहोळच्या टोलनाक्याजवळ एक माणूस उगीच मेला, एका भटाच्या घाईपायी मेला, हे ऐकून ती कशावर उभी राहील? पण ही दया होती का? नाही. दया कशी असते ते मला माहीत आहे. मला घाम सुटला होता, आणि तिनं मध्येच तोडलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

परवा तिचा फोन आला. प्रणालीचं लग्न ठरलंय. पोरगी पूजेला नको म्हणतेय, तरी लग्नानंतरची पूजा वळसंगलाच घालायची, जोडीनं बसवायचं. कथा सांगायला गुरुजीच पाहिजेत, दुसरं कुणी नको. "आन समदी वाचा गुरुजी," ती म्हणाली. "कायबी गाळू नगासा. पोरीला आदीच कळलेलं बरं."

मी बरं म्हणालो. तारीख लिहून घेतली.