नळ येईपर्यंत अनवाणी

नगरसेवकाच्या शेजारी राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. भांडी घासता घासता पण जमतात. आमची नगरसेविका कुंदा तर शेजारीणच. रबाळ्याच्या डोंगराकडची आमची वस्ती. नळ नाही, पाणी टँकरचं. मी कोपरखैरण्यात घरकाम करते. टँकर उशिरा आला की मला उशीर. त्यापायी दोन घरं सुटली माझी!

तर निवडून यायच्या आधी कुंदा क्रांतिकारक होती. मोर्चा घेऊन वॉर्ड ऑफिसात घुसली. साहेबाच्या ग्लासात आमचं पिवळं पाणी ओतलं. "प्या साहेब! आमची पोरं रोज पितात!"

साहेबाला नेमकी तेव्हाच अर्जंट मीटिंग आठवली.

मग भर चौकात तिने शपथ घेतली, "वस्तीत नळ येईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही!" आम्ही रडलो. मतं पण दिली.

*

निवडून आली आणि शपथ पाळली हो! गाडीतून खाली उतरायचीच नाही. चप्पल लागतेय कशाला?

एकदा मात्र उतरली. पायात चांगले टाचांचे सँडल. मी म्हटलं, "कुंदे, शपथेचं काय?"

"ताई म्हण," ती म्हणाली. "आणि मी चप्पल बोलले होते. सँडल नाही."

*

पाइपलाइनचं भूमिपूजन झालं. पुढच्या वर्षी परत झालं, त्याच खड्ड्यात. त्याच्या पुढच्या वर्षी पण. बॅनर मोठा, नारळ मोठा, खड्डा तेवढाच.

माझी सासू म्हणाली, "वस्तीला पाणी मिळालं बाई. नारळातलं!"

*

टँकर चार दिवस आला नाही तेव्हा आम्ही बाया तिच्या ऑफिसवर गेलो. पीए दारातच आडवा. "ताई बाहेर गेल्यात."

दारात तिचे सँडल.

मी विचारलं, "अनवाणी गेल्या का रे?"

बिचाऱ्याने फोन कानाला लावला. फोन वाजला पण नव्हता.

*

पुढच्या इलेक्शनला पक्षाने तिचं तिकीट कापलं. माझ्या उंबऱ्यावर बसून रडली. "शेवटपर्यंत हो हो म्हणाले गं. शब्द दिला होता!"

मी म्हटलं, "बस. चहा केला असता, पण पाणी नाही."

*

ती हरली, डिपॉझिट पण गेलं. ते सोडा. प्रचाराच्या शेवटच्या दिवसाचं ऐका.

अपक्ष उभी होती. चिन्ह मिळालं नळ! देवाला पण टाइमपास लागतो. गळ्यात पुठ्ठ्याचा पिवळा नळ अडकवून घरोघरी फिरत होती. आमच्याकडे आली, सासूच्या पाया पडली. पत्रकावरचं नळाचं चित्र तिच्या डोळ्यांसमोर धरून म्हणाली, "मावशी, विसरायचं नाही हं. हा नळ दिसला की समोरचं बटण दाबायचं."

सासूने चित्र नीट बघून घेतलं. मग कोपऱ्यातला रिकामा हंडा ओढून जवळ घेतला.

"दाबते गं बाय. पाणी किती वाजता सोडशील?"