पाठीमागून येणारी लाट

माझे बाबा आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटी चालवत आले. स्वतःची साधी होडीही त्यांनी कधी घेतली नाही. आधी फेरीबोटीवर दोर फेकायचं काम, मग तिथेच सुकाणूवर, आणि परवाना मिळाल्यावर पैसेवाल्यांच्या मोटर यॉटवर कप्तान. पांढऱ्या, गुळगुळीत, आत गालिचे अंथरलेल्या बोटी. घरी मात्र बाबांच्या अंगाला डिझेलचा वास यायचा आणि आई त्यांचे शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची.

बाबा मुळात अबोल. त्यांच्या वाटचं बोलणं मामा बोलायचा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, इंजिनाचा मिस्त्री. "ताईच्या लग्नात सामानाबरोबर चुकून मीही आलो आणि परत न्यायला कुणी आलंच नाही," असं तो सांगायचा. बाबांनी त्याला हाताशी घेतलं. बाबा वर सुकाणूपाशी, मामा खाली इंजिनाशी. "दाजी वर हवा खातात, मी खाली धूर खातो, आणि पोट दोघांचंही रिकामंच," असं तो जेवायला बसला की म्हणायचा. बाबा गालातल्या गालात हसायचे. मामाशिवाय त्यांना हसवणारं दुसरं कुणी मी पाहिलं नाही.

ही गोष्ट घडली तेव्हा दोघं डॉक्टरबाईंच्या यॉटवर कामाला होते. बाईंनी नवऱ्याबरोबर हौसेने ती बोट घेतली होती. नवरा गेला, बाईंनी दवाखाना बंद केला, पण बोट विकवेना. केस पिकलेल्या, हाडकुळ्या, आवाज मात्र खणखणीत. बाबांना त्या कप्तान म्हणायच्या आणि त्यांच्या कामात कधी नाक खुपसायच्या नाहीत. माझा हात मोडला होता तेव्हा घरी येऊन प्लास्टर बघून गेल्या होत्या. आई त्यांच्यावर जीव टाकायची.

यॉट दुरुस्तीसाठी दुसऱ्या बंदरात नेली होती. ती परत आणायची होती. बाई म्हणाल्या, मीही येते, घरात बसून भिंती खायला उठतात. सकाळी निघाले तेव्हा पाणी तेलासारखं शांत होतं. दुपारी समुद्राकडून वारा सुटला आणि लाटा मागून यायला लागल्या.

आमच्या बंदरात शिरायची वाट खाडीच्या तोंडातून आहे. दोन्ही बाजूंना दगडी बांध, मधे अरुंद पाणी, आणि तोंडाशीच पाण्याखाली वाळूचा उंचवटा. भरती असली की नवशिकाही बोट आत नेईल. ओहोटीला मात्र खाडीचं पाणी जोराने बाहेर धावतं आणि समुद्राच्या लाटा त्याच्यावर येऊन भिंतीसारख्या उभ्या राहतात. अशा वेळी बाहेर खोल पाण्यात, लाटांकडे तोंड करून थांबायचं आणि भरती लागली की आत शिरायचं. बाबा नेहमी तेच करायचे. त्या दिवशीही तेच ठरलं होतं.

बोट बाहेर थांबवली आणि बाबांनी खाली हाक मारली. मामाचं उत्तर आलं नाही. बाई बघायला गेल्या. मामा इंजिनाच्या खोलीबाहेर पोट धरून मुटकुळं करून पडला होता. सकाळपासून दुखत होतं. गोळ्या खाऊन त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. बाईंनी त्याला कसंबसं बाकावर घेतलं, पोट तपासलं आणि वर आल्या.

"कप्तान, याचं अपेंडिक्स फुटलंय. पोट लाकडासारखं झालंय. नाडीही मला आवडत नाही."

"भरती लागेपर्यंत कळ काढेल का?"

"मी खात्री देणार नाही. माझ्यापाशी सुई नाही, औषध नाही. याला टेबलावर घ्यायला हवं, आणि लवकर."

बाबांनी वायरलेसवर बंदराला कळवलं. बचावाची बोट तयार आहे, पण ओहोटीत तिलाही तोंडाबाहेर पडता येणार नाही, असं उत्तर आलं. अशा वाऱ्यात हेलिकॉप्टरही उडणार नव्हतं. बंदरातला माणूस म्हणाला, तुमच्या जबाबदारीवर काय ते ठरवा.

इकडे आड, तिकडे विहीर. बाबांनी येणाऱ्या लाटा मोजल्या. मग म्हणाले, "बाई, बोट तुमची आहे."

"बोट गेली खड्ड्यात. तुम्हाला जमेल का, ते सांगा."

"जमेल असं वाटतं."

पुढचं सारं त्या एका वाक्यावर उभं राहिलं. आई म्हणते, ते वाक्य बाबा कित्येक वर्षं झोपेत बोलायचे.

समोरून येणारी लाट दिसते, बोट तिच्यावर चढते. मागून येणारी लाट बोटीची मागची बाजू उचलते. नाक खाली जातं, सुकाणूची पकड सुटते, आणि मग बोट आडवी फिरते. आडव्या बोटीला पुढची लाट उलथून टाकते. म्हणून आत शिरताना एकाच लाटेच्या पाठीवर राहायचं. वेग जास्त झाला तर बोट लाटेवरून पुढे घसरते, कमी झाला तर मागची लाट गाठते. बाबांचा एक हात सुकाणूच्या चाकावर, दुसरा दोन्ही इंजिनांच्या थ्रॉटलवर, म्हणजे वेगाच्या दांड्यांवर. मान वळवायला फुरसत नाही. मागे बघून सांगणारं कुणीतरी हवंच, आणि ते काम मामाचं होतं.

"मी बघते," बाई म्हणाल्या.

बाबांनी त्यांना लाइफजॅकेट घातलं, कमरेच्या पट्ट्याचा हूक स्वतः कठड्याच्या कडीत अडकवला आणि ओढून पाहिला. "लाट आली की फक्त लहान की मोठी ते सांगा. बाकी काही नको. आणि काहीही झालं तरी हूक काढायचा नाही."

"मी पेशंटला दम देते तसं बोलताय," बाई म्हणाल्या.

लाटा घोळक्याने येतात. मोठ्यांचा घोळका जाऊ दिला की थोडी उसंत मिळते. बाबांनी ती साधली, बोट वळवली आणि एका लाटेच्या पाठीवर बसवली. दोन्ही बाजूंना पाणी फुटून पांढरं होत होतं. बांधावर माणसं जमली होती. बाई मागून सांगत होत्या, "लहान... लहान... ही मोठी." बाबा थ्रॉटल किंचित ओढायचे, पुन्हा सोडायचे. वाळूचा उंचवटा जवळ आला तशी एक लाट खरंच मोठी आली. मागची बाजू उचलली गेली, नाक पाण्यात घुसलं, चाक हातात सैल झालं. बाबांनी एका बाजूचं इंजिन पूर्ण वेगात सोडलं आणि बोट कशीबशी सरळ झाली. उंचवटा मागे पडला.

तेवढ्यात खालून मामा ओरडला. बोटीच्या त्या हिसक्याने तो बाकावरून खाली पडला होता. "ताई, पाणी... ताई, पाणी दे गं," असं तो म्हणत होता. त्याची ताई तेव्हा घरी माझी वेणी घालत होती.

बाई म्हणाल्या, "कप्तान, त्याला बघून आलेच." बाबांच्या मागे हुकाचा खट असा आवाज झाला.

त्यानंतरची लाट कुणी सांगितली नाही. ती आली आणि बोट आडवी झाली. डेक उभा राहिला, काचा फुटल्या, बाबा चाकाला लटकले. बोट उलटली नाही, हे नशीब म्हणायचं की काय, ते मला ठरवता येत नाही. इंजिनं चालू होती. बाबांनी तिला परत सरळ केलं आणि मागे पाहिलं तर डेक रिकामा होता.

वळणं शक्य नव्हतं. अरुंद वाट, मागून लाटा, खाली शुद्ध हरपत चाललेला मेहुणा. बाबा बोट आत घेऊन गेले. धक्क्यावर रुग्णवाहिका उभी होती. मामाला उतरवलं आणि बाबा त्याच पावली बचावाच्या बोटीत चढले. बाई बांधाच्या दगडांपाशी सापडल्या. लाइफजॅकेट अंगात होतं, पण दगडांपुढे त्याचा काय पाड लागणार.

मामा वाचला. सर्जन म्हणाला, आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

डॉक्टरबाईंचा मुलगा परगावहून आला. आमच्या पुढच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसला. आईने दिलेला चहा त्याने घेतला नाही. त्याने एकच प्रश्न विचारला, "आईचा हूक लावलेला होता का?"

"लावला होता."

"मग सुटला कसा?"

बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "मला सांगता येणार नाही."

"म्हणजे तुम्ही नीट लावला नव्हता." तो उठला आणि दारातून निघून गेला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, असं आई म्हणते.

चौकशीतही बाबा तेच बोलले. हूक का उघडा होता, माहीत नाही. साहेब समंजस होते. त्यांनी दोनदा विचारलं, बाईंनी स्वतःच काढला असेल का? तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बाबा गप्प राहिले. प्रवाशाची सुरक्षा पाहिली नाही, असा ठपका आला आणि परवाना गेला. त्यानंतर बाबा बोटींच्या कारखान्यात लागले. जमिनीवर टेकवलेल्या बोटींचे तळ घासायचे, रंगवायचे. दिवसभर लोखंडी ब्रश. संध्याकाळी नखांत निळा, लाल रंग. पगार निम्म्यावर आला तेव्हा आईने शिवणकाम धरलं.

मामाला कुणी काही सांगितलं नाही. त्याला त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं. सुरुवातीला तो बाबांचे पाय धरायला यायचा आणि बाबा त्याला झिडकारायचे. मग त्याचे विनोद आटले. नवं काम लागलं, वेगळी खोली घेतली. बंदरावर लोक त्याला विचारायचे, तुझ्या दाजींनी बाईंना बांधलं कसं नाही? उत्तर देता देता तोही तेच विचारायला लागला असावा. मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. तो जेवायला आला होता. कशावरून तरी विषय निघाला आणि तो ताटाकडे बघत म्हणाला, "दाजी, एक हूक. एवढासा हूक नीट लावला असतात तर ती बाई आज असती. माझ्या जिवावर तिचं ओझं आहे, तुम्हाला नाही कळायचं."

आईच्या हातातला डाव भांड्यात पडला. ती काहीतरी बोलणार होती. बाबांनी तिच्याकडे फक्त पाहिलं. मग मामाला म्हणाले, "बरोबर आहे तुझं. जेव आता, निवतंय."

मला तेव्हा मामाचा राग आला नाही. मला बाबांचाच आला. एवढी मोठी चूक करून माणूस शांतपणे जेवतो कसा, असं वाटलं. काही वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

गेल्या साली मामा हृदयविकाराने गेला. शेवटचे दिवस हॉस्पिटलात बाबाच त्याच्यापाशी बसायचे. एकदा मी डबा घेऊन गेले तेव्हा मामा त्यांना विचारत होता, "दाजी, त्या दिवशी मी खालून काही बोललो होतो का हो? मला कधी कधी स्वप्नात पाणी मागितल्यासारखं वाटतं."

"तू शुद्धीवरच नव्हतास," बाबा म्हणाले आणि त्याची उशी सारखी केली.

मामाच्या खोलीतलं सामान आवरताना आईने मला सगळं सांगितलं. बाबांनी ते फक्त तिलाच सांगितलं होतं, तेही एकदाच, मामा हॉस्पिटलातून घरी आला त्या दिवशी. मी संतापले. "तू आपल्या भावासाठी बाबांना इतकी वर्षं बोल लावून घेऊ दिलेस?"

आई मामाच्या सदऱ्याच्या घड्या घालत राहिली. "तू त्याला ओळखत होतीस," ती म्हणाली. "त्याला कळलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी पाण्यात उडी टाकली असती. एकाला वाचवायला एक बाई गेली. मग तिचं जाणंही फुकट घालवायचं का?"

मी बाबांकडे गेले. ते कारखान्यात एका उलट्या ठेवलेल्या होडीपाशी बसले होते, ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवत. मी म्हटलं, "बाबा, मला आईने सांगितलं. मी तुम्हाला उगाच दोष देत राहिले."

"उगाच नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, मोठेपणाने बोलतायत. तसं मी म्हणालेही. त्यांनी ब्रश फडक्याला पुसला.

"हूक काढल्याचा आवाज मी ऐकला. थांबा म्हणायला एक श्वास लागतो. तेवढा वेळ होता माझ्यापाशी." त्यांनी फडकं गुंडाळून ठेवलं. "उंचवटा मागे पडला होता. मला वाटलं, सुटलो. आणि तो खाली ओरडत होता. मलाही वाटलं, बाईंनी जावं त्याच्याकडे."

बाजूला कुणीतरी लाकूड कापायचं यंत्र चालू केलं आणि नंतर बोलणं शक्यच झालं नाही. बाबांनी मला एक जुना ब्रश दिला, होडीची दुसरी बाजू दाखवली आणि कुठून सुरुवात करायची ते हाताने खुणावलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं तिचा तळ घासत होतो.